तड्या मिस्त्रीची रेघ

मिस्त्रीचा हात इतका साफ होता की त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही. इस्पितळाचा लांबलचक व्हरांडा त्यानेच घातला होता. त्यावरून रोज शेकडो पावलं आणि चाकाच्या खाटा जात, पण एका सांध्याने कधी तोंड उघडलं नाही. शाळेचं सभागृह त्याचंच, बसस्थानकाचा मोठा हॉलही त्याचाच. असं असूनही गावात त्याला ओळखत ते ‘तड्या मिस्त्री’ म्हणून.

त्याचं असं झालं होतं की काही घरांत त्याच्या फरशीला तडा जायचा. फरशी नवी कोरी असायची, खाली पाया घट्ट असायचा, वाळू त्याने स्वतः चाळलेली असायची. वर्ष-दीड वर्ष सगळं छान चालायचं. मग एका सकाळी घरधनी दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘‘मिस्त्री, जरा येऊन बघा तुमची कारागिरी.’’ बघावं तर सुरीने कापल्यासारखी एक भेग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मिस्त्री खाली मान घालून ती फरशी उखडायचा, पुन्हा घालायचा आणि ती पुन्हा तडकायची. दाताच्या डॉक्टरांनी तर दवाखाना भरलेला असताना सुनावलं होतं, ‘‘मिस्त्री, तुमच्या फरशीपेक्षा माझं सिमेंट जास्त टिकतं, आणि माझ्या सिमेंटवर लोक चावतात!’’ सगळे पेशंट गाल धरून हसले होते.

मिस्त्रीही तेव्हा हसला होता. त्याला खरा घाव बसला तो दादाच्या घरी.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. पुढे दुकान, मागे घर. दादाने नवं घर बांधलं तेव्हा मिस्त्रीने हट्टाने सांगितलं की बैठकीच्या खोलीची फरशी माझ्याकडून. काळे-पांढरे चौकोन, कडेने बारीक पट्टी. त्याने आयुष्यात इतक्या हौसेने काम केलं नव्हतं. वहिनी पहिले चार दिवस त्या खोलीत चप्पल हातात घेऊन वावरायच्या. आणि दुसरं वर्ष सरायच्या आत उंबऱ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत भेग गेली. घरात पाहुणे बसलेले असताना दादा म्हणाला, ‘‘बाहेर कसंही काम कर बाबा, पण भावाच्या घरी तरी मन लावून करायचं होतंस.’’

मिस्त्री उठला आणि चहा अर्धा टाकून बाहेर पडला. त्यानंतर चार वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले की एक जण आकाशाकडे बघायचा, दुसरा चपलेकडे. मिस्त्रीची बायको आणि वहिनी मात्र भाजीबाजारात ठरवून भेटत, एकमेकींच्या पिशवीत डबे सरकवत आणि आपापल्या नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडून हलक्या मनाने घरी जात.

अशातच एके दिवशी सकाळी मिस्त्री सायकलवरून कामाला निघाला होता. शिंपीगल्लीच्या वळणावर एक बाई रस्त्याच्या कडेला चक्क पोटावर आडवी झाली होती. गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून ती कडेच्या दगडांच्या ओळीकडे बघत होती. अंगात खूप खिशांचं जाकीट, शेजारी पाठीवरची पिशवी.

मिस्त्रीने सायकल थांबवली. ‘‘ताई, पडलात का? का काही हरवलंय?’’

‘‘पडले नाही, मुद्दाम झोपलेय,’’ बाई न उठता म्हणाली. ‘‘इकडे या. ही दगडांची ओळ बघा. इथपर्यंत सरळ आहे. इथे अचानक चांगली दोन बोटं बाजूला गेलीय. आणि पुढे परत सरळ. दिसतंय?’’

मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि तो एकदम सावध झाला. ‘‘हे काम माझं नाही, हां. मी रस्त्याची कामं घेतच नाही.’’

बाई उठून बसली आणि खो खो हसली. ‘‘अहो, तुमचं कोण म्हणतंय? हे जमिनीचं काम आहे. हे दगड बसवणाऱ्याने सरळच बसवले होते. खालची जमीन सरकली.’’

ती भूगर्भशास्त्राचा अभ्यास करणारी होती. तिने कपडे झटकता झटकता सांगितलं, की पृथ्वीचं कवच अंड्यासारखं सलग नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचं आहे, त्यांना प्लेटा म्हणतात. त्या सगळ्या हळूहळू सरकत असतात. अशाच दोन प्लेटांची हद्द या गावाजवळून जाते. उत्तरेच्या टेकड्यांत ती स्पष्ट दिसते, दक्षिणेला नदी जिथे उगाचच काटकोनात वळते तिथेही दिसते. मधे मात्र गाव बसलंय. घरं, रस्ते, दुकानं. नेमकी कुठल्या गल्लीतून, कोणाच्या घराखालून ती जाते ते आजवर कोणाला सापडलेलं नाही.

‘‘वरून कशी ओळखणार?’’ मिस्त्रीने विचारलं.

‘‘तेच तर. तिच्यावर जे काही बांधलेलं असेल ते तडकतं. भिंती, कुंपणं, फरश्या. पण लोक डागडुजी करतात, झाकून टाकतात. मी आठवडाभर वणवण फिरतेय.’’

मिस्त्रीने सायकलची मूठ घट्ट धरली.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘तडकलेल्या फरश्या चालतील का? माझ्याकडे बऱ्याच आहेत.’’

त्या दिवशी मिस्त्री कामावर गेलाच नाही. ज्या दारांसमोरून जाताना तो इतकी वर्षं सायकलचा वेग वाढवायचा, त्याच दारांच्या कड्या त्याने एकेक करून वाजवल्या. कुठली घरं ते त्याला आठवावं लागलं नाही. ऐकून घेतलेली बोलणी माणूस विसरत नसतो. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी भेगेवर गालिचा टाकला होता. तो गुंडाळताना त्या मिस्त्रीकडे अशा बघत होत्या जणू त्याने गृहपाठ आणलेला नाही. शिंप्याने भेगेवर शिलाई मशीन ठेवलं होतं. मॅडम आत शिरायच्या, गुडघ्यावर बसायच्या, भेगेच्या दोन्ही कडा हाताने चाचपायच्या आणि आनंदाने ओरडायच्या, ‘‘अप्रतिम! मिस्त्री, ही तर फारच सुंदर आहे!’’

आपल्या तडकलेल्या फरशीला कोणी सुंदर म्हणेल असं मिस्त्रीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पहिल्या घरी तो ओशाळला, दुसऱ्या घरी कौतुकाने मान हलवू लागला, आणि दाताच्या डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत तर तो स्वतःच दाखवत होता, ‘‘ही बघा मॅडम, ही माझी सर्वांत लांब भेग.’’

डॉक्टरांच्या हातातला दात बघायचा काडीचा आरसा तसाच राहिला. मॅडमनी सगळं समजावून सांगितल्यावर ते खुर्चीतल्या पेशंटला म्हणाले, ‘‘तोंड मिटा जरा.’’ मग मिस्त्रीसमोर येऊन उभे राहिले. ‘‘मिस्त्री, मी तुम्हाला चारचौघांत बोललो होतो. आज चारचौघांतच सांगतो, माझं चुकलं.’’

‘‘जाऊ द्या हो डॉक्टर,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘सिमेंट तुमचंच भारी आहे.’’

दुपारी तो मॅडमना घरी जेवायला घेऊन आला. दारातूनच त्याने बायकोला हाक मारली, ‘‘अगं ऐकलंस का? माझा हात चांगला आहे!’’

‘‘मी कधी वाईट म्हटलं?’’ बायको म्हणाली. ‘‘मी वाळू वाईट म्हणत होते.’’

जेवण झाल्यावर तिने मॅडमना गाठलंच. ‘‘मला नीट सांगा बाई. एवढी मोठी जमीन सरकते कशी? कोण ढकलतं तिला?’’

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. अंगणात उरलेल्या फरश्यांचा ढीग होता. त्यांनी दोन फरश्या ओल्या मातीवर शेजारी-शेजारी ठेवल्या. ‘‘पृथ्वीच्या आत प्रचंड उष्णता आहे. त्यामुळे खोलवरचा खडक फार फार सावकाश हलतो. तापलेला वर येतो, निवलेला खाली जातो. वरच्या प्लेटाही त्या हालचालीत सामील असतात. काही ठिकाणी तर प्लेटेची जड कड खाली बुडते आणि मागची सगळी प्लेट स्वतःबरोबर ओढते. आता बघा.’’ त्यांनी दोन्ही फरश्या एकमेकींवर दाबल्या. मधली माती फुगून वर आली. ‘‘समोरासमोर आल्या की डोंगर उभे राहतात. तुमच्या टेकडीवरच्या दगडात शिंपल्यांचे ठसे दिसतात ना? तो दगड कधीकाळी समुद्राच्या तळाशी होता. असाच चेंगरून वर आला.’’

‘‘अगं बाई,’’ बायको म्हणाली. ‘‘आणि दूर गेल्या तर?’’

‘‘मधे फट पडते. खालून वितळलेला खडक वर येतो, थिजतो आणि नवी जमीन तयार होते. समुद्रांचे तळ असेच बनतात. एके काळी जोडलेले खंड आज हजारो मैल लांब आहेत ते त्यामुळेच.’’ मग त्यांनी दोन्ही फरश्या कडेला कड लावून एक पुढे सरकवली, एक मागे. ‘‘आणि हे तुमचं गाव. इथे टक्कर नाही, ताटातूटही नाही. दोघी एकमेकींना खेटून, घासत पुढे जातात.’’

‘‘आमच्यासारख्या,’’ बायको म्हणाली. ‘‘बाजारातल्या गर्दीत मी आणि जाऊबाई.’’

‘‘किती वेगाने?’’ मिस्त्रीने विचारलं.

‘‘नखं वाढतात ना, तसं काहीसं. तुमच्या गावात त्याहूनही जरा हळू. रोज बघून कळत नाही, पण कापायची वेळ येतेच.’’

बायकोने मग जो प्रश्न मिस्त्रीच्याही मनात होता तो विचारला. ‘‘भूकंप होईल का हो?’’

मॅडमनी हाताची माती झटकली. ‘‘खोटं सांगणार नाही. काही ठिकाणी प्लेटा अडकून बसतात आणि मग एकदम सुटतात. इथे त्या सावकाश सरकताहेत, म्हणजे थोडा ताण रोज सुटतोय, ही चांगली गोष्ट. पण कधीच होणार नाही असं कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच ही रेघ सापडायला हवी. कुठे जपून बांधायचं ते कळेल.’’

संध्याकाळच्या उन्हात तिघं पाण्याच्या टाकीवर चढली. तडा गेलेल्या प्रत्येक घराच्या गच्चीवर मॅडमनी लाल कापड बांधायला लावलं होतं. वरून पाहिलं तर ती सगळी कापडं एका सरळ रेषेत फडफडत होती. मिस्त्रीने खिशातून दोरी काढली, दोन हातांत ताणून डोळ्यांसमोर धरली. एकही कापड दोरीबाहेर नव्हतं. मॅडमनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘‘इथून पुढे कुठे जाते?’’ त्यांनी डोळे पुसत विचारलं. ‘‘त्या निळ्या पाटीच्या दुकानाखालून?’’

निळी पाटी दादाच्या दुकानाची होती.

‘‘तिथे राहू द्या,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘तुमच्या रेघेचं एवढ्यावर भागेल.’’

‘‘भागणार नाही,’’ बायको म्हणाली. ‘‘चला. चार वर्षं मी आणि जाऊबाई चोरासारख्या डबे पोचवतोय. माझे डबे संपले आता.’’

दादा दुकानात भिंग डोळ्याला लावून बसला होता. आधी मॅडम आत शिरल्या, मागून मिस्त्रीची बायको, आणि सर्वांत शेवटी मिस्त्री. दादाने भिंग काढलं नाही. त्या एका मोठ्या डोळ्याने तो भावाकडे बघत राहिला. मॅडमनी सगळं सांगितलं. लाल कापडं, टेकड्या, नदी, प्लेटा.

‘‘म्हणजे तुमचं म्हणणं,’’ दादा शेवटी म्हणाला, ‘‘माझ्या बैठकीच्या खोलीतून पृथ्वी फाटलीय?’’

‘‘फाटलेली नाही. सरकतेय.’’

‘‘मग माझ्या भिंती सरकायला नकोत? भिंतींना काही झालेलं नाही. फक्त फरशी तडकली. ह्याचा अर्थ काय ते मी बोलत नाही.’’

मिस्त्री मागे वळला. तेवढ्यात आतून वहिनी बाहेर आल्या. हाताला पीठ लागलेलं होतं.

‘‘भिंतींना काही झालेलं नाही?’’ त्या म्हणाल्या. ‘‘सांगू का भावोजींना घड्याळाचं?’’

‘‘तू आत जा,’’ दादा म्हणाला.

‘‘मी आत्ताच आतून आले. भावोजी, इकडे या तुम्ही.’’ त्यांनी मिस्त्रीच्या दंडाला धरलं, पिठासकट, आणि त्याला बैठकीच्या खोलीत नेलं. भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं. सगळी गल्ली त्यावर आपली घड्याळं लावायची. वहिनींनी ते एका बाजूने हलकेच उचललं. मागून पुठ्ठ्याच्या घड्या भसाभस खाली पडल्या. चार, पाच, सहा.

‘‘लंबकाचं घड्याळ सरळ लटकलं नाही तर बंद पडतं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘हे दर सहा-आठ महिन्यांनी बंद पडतं. आणि हा माणूस मी झोपले असं बघून मागे एक नवा पुठ्ठा घालतो. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, माझा हात गेला आता, घड्याळ सरळ लावता येत नाही मला. कोणाला सांगू नकोस. गावात कळलं तर कोण देईल दुरुस्तीला घड्याळ!’’

दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने भिंग कपाळावर सरकवलं. तो एकदम म्हातारा दिसत होता, आणि लहानही.

मिस्त्रीने खिशातून ओळंबा काढून भिंतीला लावला. दोरा सरळ लोंबला. भिंत त्याच्यापासून वरच्या बाजूला बोटभर बाहेर झुकली होती.

‘‘दादा,’’ तो म्हणाला, ‘‘घड्याळ तू सरळच लावत होतास. भिंत कलली.’’

दादा पुढे आला. त्याने दोऱ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा दोऱ्याकडे. मग त्याच्या तोंडातून विचित्र आवाज आला. बायकांना वाटलं तो रडतोय. पण तो हसत होता. ‘‘चार वर्षं,’’ तो म्हणाला, ‘‘चार वर्षं मी गाजरं खातोय! नजर सुधारावी म्हणून!’’

मिस्त्रीला हसू आवरेना. तो तिथेच त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांवर मटकन बसला. दादाही त्याच्या शेजारी बसला, पोट धरून. वहिनींनी दोघांकडे पाहिलं आणि मिस्त्रीच्या बायकोला म्हणाल्या, ‘‘घ्या, दोन्ही वेडे एकाच खोलीत सापडले.’’

हसून हसून दमल्यावर दादा म्हणाला, ‘‘मला माझ्याच हाताची भीती वाटत होती रे. आणि तुझी फरशी तडकलेली दिसली की बरं वाटायचं. वाटायचं, चला, मी एकटाच नाही. म्हणून तसं बोललो.’’

‘‘मला वाटलं, तुला खरंच राग आलाय.’’

‘‘राग कसला. सगळ्यात सुंदर फरशी आहे ती माझ्या घरातली.’’

मॅडम इतका वेळ भेगेवर उकिडव्या बसून मापं घेत होत्या. त्यांना एक यंत्र बसवायचं होतं. भेगेच्या अलीकडे एक खुंटी, पलीकडे एक, मधे तिरकी ताणलेली बारीक तार, आणि तारेची लांबी बदलली की हलणारा काटा. कुठे बसवावं याचा त्या विचार करत होत्या.

‘‘काटा?’’ दादाने कान टवकारले. ‘‘किती बारीक हालचाल दाखवतो?’’

मॅडमनी सांगितल्यावर दादाने त्यांना दुसरीकडे कुठे जाऊच दिलं नाही. पुढच्याच आठवड्यात यंत्र दादाच्या घरी बसलं. तेव्हापासून दादा सकाळी उठला की आधी भिंग लावून काट्यासमोर बसायचा आणि मग चहा मागायचा. ‘‘आज जरा हललीय,’’ तो वहिनींना अशा मायेने सांगायचा, जणू घरात पाळण्यातलं पोर कुशीवर वळायला शिकतंय.

भिंत मिस्त्रीने ओळखीच्या गवंड्याकडून उतरवली. मॅडमच्या संस्थेतल्या इंजिनिअरने सांगितल्याप्रमाणे रेघेवरचा भाग मोकळा ठेवून नवी भिंत मागे घेतली. फरशी मात्र मिस्त्रीने स्वतः घातली. या वेळी त्याने भेगेशी भांडण केलं नाही. तिच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या फरश्या घातल्या आणि मधे बरोबर रेघेवर रबराची पट्टी सोडली. जमीन सरकली तर दोन्ही बाजू सरकतील, पट्टी थोडी तिरकी होईल, पण चौकोन एकही तुटणार नाही.

दोरी धरायला माणूस लागतो. दादा धोतरासारखा पंचा खोचून गुडघ्यावर बसला. ‘‘ताण,’’ मिस्त्री म्हणायचा. ‘‘जरा वर. अजून जरा. बस्स.’’ सगळा जन्म काट्यांबरोबर काढलेला माणूस तो. त्याने धरलेली दोरी केसभरही हलत नव्हती. मिस्त्री फरशी ठेवायचा, रबरी हातोडीने दोन टोले मारायचा, आणि मान वाकडी करून बघायचा. दादाही मान वाकडी करून बघायचा.

‘‘पट्टी कुठल्या रंगाची?’’ दादाने विचारलं.

‘‘काळी. काळ्यात मिसळून जाईल. दिसणार नाही.’’

‘‘दिसणार नाही कशी? दिसलीच पाहिजे! लोक बघायला येतील. लाल घाल.’’

‘‘काळ्या-पांढऱ्यात लाल? दादा, घड्याळात मी तुला शिकवतो का?’’

‘‘शिकव की. मी कुठे नाही म्हणतोय?’’

शेवटी पट्टी लालच झाली, कारण वहिनी आणि मिस्त्रीची बायको दोघी लाल म्हणाल्या. काम पुरं झालं त्या दुपारी सगळी गल्ली लोटली. डॉक्टर आले, शिंपी आला, मुख्याध्यापिकाबाई आल्या, मॅडमही आल्या. प्रत्येकाला एक पाय या प्लेटेवर आणि एक पाय त्या प्लेटेवर ठेवून उभं राहायचं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही जाणवत नाही. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘‘जाणवायला धीर लागतो,’’ आणि डोळे मिटून चांगली पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मागे रांग खोळंबली. डॉक्टरांनी जाता जाता मिस्त्रीला दवाखान्यात अशीच फरशी घालायला सांगितली, पण निळ्या पट्टीची.

गर्दी ओसरल्यावर जेवायचं टेबल आत आणायचं होतं. वहिनींनी ते रेघेच्या बरोबर मधोमध ठेवायला लावलं. मिस्त्री एका बाजूला बसला, दादा समोर.

‘‘तुझी बाजू सरकतेय,’’ दादा म्हणाला.

‘‘माझी नाही. तुझी.’’

‘‘दोन्ही सरकताहेत,’’ मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

‘‘काटा कोणाकडे आहे? माझ्याकडे. मी सांगतो तुझी.’’

‘‘आणि फरशी कोणी घातली?’’

दोघी जावा ताटं घेऊन आल्या, आणि कोणाला कुठे बसायचं यावरून त्यांचंही सुरू झालं.